कितीपैकी किती?

गेल्या महिन्यात सोलापुरातल्या एका महाविद्यालयात अभ्यासक्रमाच्या चर्चेला बसलो होतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार सगळ्या शाखांसाठी दोन-दोन श्रेयांकांचे (क्रेडिटचे) खुले विषय ठरवायचे होते. कुणीतरी साथरोगशास्त्राची तोंडओळख सुचवली आणि पुढचा तासभर वाद रंगला. एका बाजूचे म्हणणे होते, हा डॉक्टरांचा विषय, बी.ए., बी.कॉम.च्या पोरांनी तो शिकून काय करायचे? दुसरी बाजू म्हणत होती, कोरोनाने एवढे भोगायला लावले, आता तरी मुलांना रोगांची माहिती द्या. दोन्हीकडून तावातावाने बोलणे चालले होते. पण दोघांनीही मनाशी एकच गोष्ट पक्की धरली होती, की साथरोगशास्त्र म्हणजे रोगांची माहिती: जंतूंची नावे, लक्षणे, लसींचे वेळापत्रक. तसे असते तर मीही पहिल्या बाजूला जाऊन बसलो असतो. ती माहिती शाळेच्या विज्ञानात आहे, आशाताईंच्या तक्त्यावर आहे, मोबाइलवर तर ढिगाने आहे.

मी या शहरात बावीस वर्षे संख्याशास्त्र शिकवतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. साथरोगशास्त्राची मुळाक्षरे प्रत्येक शाखेच्या विद्यार्थ्याला शिकवायलाच हवीत, मग तो इतिहासाचा असो, वाणिज्यचा असो की संगणकाचा. त्यामागचे कारण एका प्रश्नात सांगता येते: कितीपैकी किती? हा प्रश्न विचारायची सवय आपल्या पदवीधराला लागत नाही. ती न लागल्यामुळे माणसे घाबरतात, फसतात, आणि कधीकधी शेजाऱ्याला वाळीत टाकतात.

थोडा घोटाळा शब्दामुळेही होतो. साथरोगशास्त्र म्हटले की पटकी, प्लेग, कोरोना आठवतात. मूळ ग्रीक शब्दाच्या घटकांत मात्र साथही नाही आणि रोगही नाही. 'लोकांवर' आणि 'विचार' एवढाच त्याचा अर्थ. लोकांवर काय येऊन पडते, कुणावर जास्त पडते आणि का, याचा हिशेब. त्यात मधुमेह येतो, आपल्याकडचा एप्रिल-मेचा उष्माघात येतो, पुणे रस्त्यावरचे अपघात येतात, शेतकऱ्यांच्या आत्महत्याही येतात. डॉक्टर समोरच्या एका माणसाला विचारतो, तुम्हाला काय होतंय? साथरोगशास्त्र अख्ख्या गल्लीला विचारते, तुमच्यात कुणाला होतंय आणि कुणाला होत नाही? या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आपण नेहमी गाळतो. जे आजारी नाहीत ते दवाखान्यात येत नाहीत, त्यांची बातमी होत नाही. आणि त्यांना मोजल्याशिवाय आजारी माणसांच्या संख्येला अर्थ येत नाही.

सोलापूरकरांना २०२० चा उन्हाळा आठवत असेल. शहरातला पहिला बाधित एप्रिलमध्ये कळला, तोही मृत्यूनंतर. मे-जूनमध्ये शहराचा मृत्युदर राज्याच्या सरासरीपेक्षा बराच वर दिसू लागला. ओट्या-ओट्यावर त्याची चर्चा होती. कुणी म्हणे इथला विषाणूच जास्त जहाल, कुणी डॉक्टरांना दोष दिला, कुणी ठरावीक पेठांकडे बोट दाखवले. पण मृत्युदर हा एक अपूर्णांक आहे. वर अंशाला मृत्यू, खाली छेदाला रुग्ण. आणि तो छेद 'झालेल्या' रुग्णांचा नसतो, 'सापडलेल्या' रुग्णांचा असतो. चाचण्या थोड्या झाल्या तर सौम्य रुग्ण मोजलेच जात नाहीत, छेद आकसतो आणि एकही मृत्यू न वाढता दर वर जातो. माणसे धाप लागेपर्यंत घरात थांबली आणि मग दवाखान्यात आली, तर अंश खरोखरच वाढतो. बाधितांमध्ये वयस्क आणि मधुमेह-रक्तदाबाचे लोक अधिक असतील, तरीही दर वाढतो. आकडा एकच, पण पहिल्या कारणावर उपाय म्हणजे चाचण्या वाढवणे, दुसऱ्यावर लोकांची भीती घालवणे, तिसऱ्यावर ज्येष्ठांना आधी गाठणे. यातले कोणते कारण किती, हे शोधायला तज्ज्ञ लागतात हे मान्य. पण कारणे एकाहून अधिक असू शकतात, एवढे कळायला तज्ज्ञ लागतो का? तेवढे ज्या शहराला कळते, ते शहर एखाद्या पेठेच्या नावाने बोटे मोडायच्या आधी घटकाभर थांबते.

लसीच्या वेळी पुन्हा तेच. 'दाखल झालेल्यांत निम्मे लस घेतलेलेच आहेत, मग लसीचा उपयोग काय?' हा निरोप माझ्याच नातेवाइकांच्या गटावर फिरला होता आणि तो पुढे पाठवणाऱ्यांत दोन पदव्युत्तर पदवीधर होते. मी वर्गात फळ्यावर एवढेच मांडले. समजा गावात १००० माणसे आहेत. ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी नाही. दवाखान्यात १८ दाखल झाले, दोन्हीकडचे ९-९. निरोप खरा ठरला, निम्मे लसवाले. आता प्रत्येकाच्या खाली त्याचा छेद लिहा. ९०० पैकी ९ म्हणजे शेकडा १, आणि १०० पैकी ९ म्हणजे शेकडा ९. जो निरोप लसीविरुद्ध पुरावा म्हणून आला होता, तोच लसीच्या बाजूने उभा राहिला. हे गणित सातवीचे आहे. गणित येत नव्हते म्हणून कुणी फसले नाही. छेद विचारायचा असतो हेच कुणी शिकवले नव्हते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे नसांवर घाला घालून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे, शंभराहून अधिक रुग्ण आढळले आणि त्यातला पहिला संशयित मृत्यू आपल्या सोलापुरात नोंदला गेला. आठवडाभर वर्गात दुसरा विषय नव्हता. मुले विचारायची, सर, आपल्याकडे पण साथ आली का? मी उलट विचारले, साथ नसते तेव्हा हा आजार किती जणांना होतो? कुणालाच ठाऊक नव्हते. जगभर साधारण लाखात एक-दोघांना दरवर्षी होतो. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख. म्हणजे कुठलीही साथ नसताना वर्षाला दहा-वीस रुग्ण इथे अपेक्षितच आहेत. म्हणून एक रुग्ण सापडला याचा अर्थ साथ नव्हे, आणि एका भागात महिन्याभरात शंभर सापडले तर ती निःसंशय साथ. नेहमीचे किती हे ठाऊक असल्याशिवाय जास्त म्हणजे किती, हे कसे ओळखणार? तो हिशेब केल्यावर वर्गातली भीती उतरली आणि मुले पाण्याच्या टाक्यांविषयी विचारू लागली, कारण पुण्यात संशय दूषित पाण्यावर होता. मला तेच हवे होते.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा. ते म्हणतात, अर्धवट ज्ञान अज्ञानापेक्षा वाईट. कोरोनाच्या काळात जो तो आलेख काढून भाकिते करत होता; दोन श्रेयांक शिकवून तुम्ही असे अर्धे तज्ज्ञ हजारोंनी बाहेर काढाल. हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. मी स्वतः त्या दिवसांत असे आलेख पाहिले, आणि त्यातले काही चांगल्या शिकलेल्या माणसांनी आत्मविश्वासाने काढलेले आणि साफ चुकलेले होते. पण त्यांची चूक कशात होती? आकडे वाचता येत होते. आकडा कुठून आला, कुणाला वगळून आला, याची शंका येत नव्हती. ही शंका हाच या शास्त्राचा पहिला धडा आहे. इतर पुष्कळ विषय विद्यार्थ्याला 'मला कळते' असे वाटायला लावतात. हा विषय नीट शिकवला तर 'एवढ्यावरून सांगता येत नाही' हे वाक्य न लाजता म्हणायला शिकवतो. अर्धवट ज्ञान आज घराघरात पोचलेलेच आहे. त्याला लगाम घालायचा तर तो याच विषयात मिळेल.

आणि अनुभवाचा दाखला? 'आमचे आजोबा नव्वद वर्षे जगले, रोज बंडलभर विड्या ओढायचे.' हे वाक्य सोलापुरात लहानाचा मोठा झालेल्या कुणी ऐकलेले नाही? आजोबा खरे, त्यांची नव्वद वर्षेही खरी. १९५० मध्ये इंग्लंडात डॉल आणि हिल या संशोधकांसमोर नेमका हाच पेच होता. त्या काळी तिथले बहुतेक सगळे पुरुष सिगारेट ओढत, त्यामुळे कर्करोग झालेलेही ओढणारे आणि न झालेलेही ओढणारेच. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. डॉल यांना स्वतःला आधी रस्त्यावरच्या डांबराचा आणि मोटारींच्या धुराचा संशय होता. त्यांनी फुप्फुसाचा कर्करोग झालेले ६४९ पुरुष घेतले आणि तो न झालेले, दुसऱ्या आजारांनी दवाखान्यात असलेले त्याच वयाचे ६४९. पहिल्या गटात कधीच न ओढणारे निघाले २, दुसऱ्या गटात २७. हा फरक योगायोगाने पडणे जवळपास अशक्य होते. तुलनेला बसवलेल्या त्या दुसऱ्या ६४९ जणांशिवाय पहिल्यांची कहाणी मुकी राहिली असती. नव्वदीचे आजोबा आपल्याला आठवतात कारण ते आठवण सांगायला उरले. पन्नाशीत गेलेल्यांच्या नातवंडांना आजोबांची गोष्टच नसते.

विडीचा विषय निघाला आहे तर थोडा थांबतो. या शहरात हजारो बायका विड्या वळून घर चालवतात. कारखान्यातून पाने आणि तंबाखू आणायची, घरी मांडीवर सूप घेऊन वळायच्या आणि ठरलेल्या वेळी नेऊन मोजून द्यायच्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या मनात आले की तंबाखूच्या धुळीने या बायकांना खोकला-धाप किती होते, ते बघावे. तिने आखलेली पद्धत मला सुरुवातीला चांगली वाटली: विड्या द्यायला बायका रांगेत उभ्या असतात, तिथेच विचारायचे. त्या संध्याकाळी ती मला घरी घेऊन गेली. तिची आई वीस वर्षे विड्या वळते. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. हातातले काम न थांबवता त्यांनी आमचा बेत ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "सर, खोकला धरला की बाई काम सोडून घरी बसती. घरी बसलेली बाई तुम्हाला रांगेत कशी दिसंल?" मी गप्प झालो. ज्या काम करतात त्यांच्यातच मोजले तर धडधाकट बायकाच मोजल्या जातात आणि धंदा आहे त्यापेक्षा निरुपद्रवी दिसतो. या चुकीला पुस्तकात मोठे नाव आहे; त्या बाईंना नाव नको होते, सोडून गेलेल्या मैत्रिणी त्यांना तोंडपाठ होत्या. मग मुलीने पद्धत बदलली. आज कोण वळते, हे विचारायच्या ऐवजी, दहा वर्षांपूर्वी या चाळीत कोण-कोण वळत होते, यापासून सुरुवात केली.

हे सांगतो ते दुसऱ्या आक्षेपासाठी: 'हा डॉक्टरांचा विषय.' इतिहास याला साथ देत नाही. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीने सहाशेच्या वर माणसे गेली आणि जॉन स्नो या डॉक्टरने पंपाचे पाणी हे कारण दाखवले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते हे, की स्नोचे म्हणणे खोडायला निघालेला हेन्री व्हाइटहेड नावाचा तिथला तरुण पाद्री घरोघर फिरला. कोण मेले याबरोबर कोण वाचले आणि ते कुठले पाणी पीत होते, हे त्याने विचारले आणि शेवटी स्नो बरोबर आहे असे कबूल केले. साथ उसळण्याआधी आजारी पडलेल्या तान्ह्या बाळाचा, म्हणजे बहुधा पहिल्या रुग्णाचा, मागही त्यानेच काढला. आणि स्नोचा अधिक पक्का पुरावा पंपाचा नव्हताच. दक्षिण लंडनमध्ये एकाच रस्त्यावर शेजारशेजारच्या घरांना दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे पाणी येत होते. एक कंपनी थेम्सचे पाणी शहराची गटारे मिळतात त्याच्या खालच्या अंगाने घ्यायची, दुसरी वरच्या अंगाने. पहिल्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू, दुसरीच्या ३७. माणसे तीच, रस्ता तोच, हवा तीच. फरक फक्त नळाचा. सोलापूरला पाणी उजनीच्या जलवाहिनीतून येते, टाकळीहून येते, हिप्परग्याच्या तलावातूनही येते. कोणत्या पेठेला कोणत्या टाकीचे पाणी, याचा नकाशा भूगोलाचा विद्यार्थी काढू शकतो आणि काविळीचे किंवा जुलाबाचे रुग्ण वाढले की तो नकाशा सोने ठरू शकतो. त्याला एमबीबीएस कशाला हवे?

आपल्या मातीतले दाखले तर याहून बोलके आहेत. करमाळ्याच्या शेजारच्या जामखेडमध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांनाच आरोग्याचे काम शिकवले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना बाळाच्या छातीकडे बघून श्वास मोजायला शिकवले. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी मणी सरकवायचे साधे उपकरण केले. घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याच्या त्यांच्या प्रयोगात नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, आणि ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. हे कशाच्या जोरावर सिद्ध झाले? प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदला गेला होता म्हणून. छेद पक्का होता म्हणून. चार-आठ यत्ता शिकलेल्या बाईला जे जमले ते आमच्या बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षातल्या मुलाला झेपणार नाही, असे म्हणणाऱ्याने एकदा आमच्या वर्गात येऊन बसावे.

तज्ज्ञ ठरवतील, लोकांनी ऐकावे, असेही एक मत त्या बैठकीत हळू आवाजात मांडले गेले. याचे उत्तर महाराष्ट्राने एकदा फार महागात दिले आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सैनिक घरांत घुसले, बायाबापड्यांना रस्त्यावर उभे केले, सामान बाहेर फेकले. लोकांनी रुग्ण लपवले. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच साथीत १० मार्चला सावित्रीबाई गेल्या, प्लेगच्या पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवल्यावर. उंदराच्या अंगावरची पिसू हा दुवा सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये मांडला आणि तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे घरे उलथीपालथी करणाऱ्या सरकारलाही रोग कसा पसरतो ते कळले नव्हते आणि रुग्ण माळ्यावर लपवणाऱ्या लोकांनाही नाही. बळाने जे झाले त्यातून फक्त अविश्वास उरला. १८९७ मध्येच केलेला साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढावा लागला. कायदा सव्वाशे वर्षे जवळपास तोच राहिला. निदान नागरिक तरी तोच राहू नये, त्याला 'का' विचारता यावे आणि दिलेले उत्तर तपासता यावे, असे मला मनापासून वाटते.

एक आक्षेप मात्र मला रात्री झोपू देत नाही, कारण तो खरा आहे. पर्यावरण अभ्यासाचे काय झाले? १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, पुढे तो पदवीला सक्तीचा झाला. हेतू उत्तम होता. आज महाविद्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात त्याचा तयार प्रकल्प मिळतो. नाव आणि हजेरी क्रमांक घालायचा, निळी फीत लावायची की झाले. एकाच तळ्याचे तेच प्रदूषण वर्षानुवर्षे तीनशे वह्यांत. साथरोगशास्त्राचेही असेच होणार नाही कशावरून? त्यातून तालुक्याच्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक तीन-तीन ठिकाणी धावतात. त्यांच्या गळ्यात हा आणखी एक धोंडा. हे मी मान्य करतो, आणि पुढे जाऊन म्हणतो, की पुस्तक, पाच प्रकरणे आणि टिपा लिहा अशा पद्धतीने हा विषय आणायचा असेल तर आणूच नका. रोगांच्या व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा दोन श्रेयांकांचे ते तीस तास मुलांना मोकळे सोडा.

मग कसा? आम्ही काय केले ते सांगतो. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते. म्हणून घराघरात निळी बॅरल, सिमेंटचा हौद, मोरीतली घागर, गच्चीवर टाकी. डेंग्यूचा एडिस डास याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ-पावसाळ्यात आठवडा-दहा दिवस पुरतात. भिंतीवर पालिका लिहिते, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. मुलांना मी बॅटऱ्या घेऊन दोन गल्ल्यांत पाठवले. पिंपात बॅटरीचा झोत तिरका टाकायचा, मिनिटभर थांबायचे, अळ्या वर येऊन वळवळताना दिसतात. पहिल्याच दिवशी कळले की कोरडा दिवस न पाळण्याचे कारण आळस नव्हे. पुढचे पाणी कधी येईल याची खात्री नसताना तळाचे दोन बादल्या पाणी कोण ओतून देईल? बायका ते दुसऱ्या पिंपात काढतात आणि त्याबरोबर अळ्याही जातात. शिवाय अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात, म्हणून पाणी उपसणे पुरत नाही, कड घासावी लागते. भिंतीवरच्या घोषणेत घासण्याचा उल्लेखच नव्हता. कोणत्या पुस्तकाने मुलांना हे शिकवले असते?

परत आल्यावर वर्गात भांडण लागले. एका गटाने लिहिले, गल्लीत २० टक्के. दुसऱ्याने त्याच गल्लीसाठी लिहिले, ५ टक्के. समजायला सोपे आकडे घेऊन सांगतो. २० घरे, त्यांत पाण्याची १०० भांडी, अळ्या ५ भांड्यांत, आणि ती भांडी ४ घरांतली. घरे मोजली तर २० पैकी ४, भांडी मोजली तर १०० पैकी ५. दोन्ही खरे. आरोग्य खात्याचे कर्मचारी याला हाऊस इंडेक्स आणि कंटेनर इंडेक्स म्हणतात. चांगले दिसायचे असेल तर अधिकारी ५ सांगेल, विरोधी नगरसेवक २० सांगेल, आणि दोघांपैकी कुणीही खोटे बोललेला नसेल. त्या दिवशी अर्थशास्त्राचा एक मुलगा म्हणाला, "सर, मग बेरोजगारीचा आकडा पण असाच असणार." मी काही न बोलता त्याच्या हातात खडू दिला.

त्याच पिंपाने आणखी एक अवघड गोष्ट सोपी केली. पिंपातली पाण्याची पातळी म्हणजे आज असलेले एकूण रुग्ण, नळाची धार म्हणजे नवे रुग्ण, तळाची तोटी म्हणजे बरे होणारे आणि मरणारे. मधुमेहाचे रुग्ण वाढले म्हणजे दरवेळी धार वाढली असे नाही. औषधांमुळे माणसे जास्त जगू लागली, तोटी बारीक झाली, तरी पातळी चढते. ही वाढ दुःखाची की समाधानाची, हे पातळी बघून कळत नाही.

एक अट मात्र मी कधीच सोडणार नाही. मुलांनी भांडी मोजावीत, पाण्याचे नळ मोजावेत, ओटी टेस्टने, म्हणजे पाण्यात थेंब टाकून रंग बघायच्या चाचणीने, क्लोरीन तपासावे, गावाचे पाणी शुद्ध ठेवण्याचे काम बघणाऱ्या जलसुरक्षकाबरोबर एक सकाळ घालवावी. दारोदार जाऊन कुणाला कोणता आजार आहे, हे त्यांनी विचारू नये. २०२० मध्ये एखाद्या घरावर लागलेल्या फलकाने त्या घराचे किती हाल केले, किराणा कसा बंद झाला, ते आपण पाहिले आहे. वीस वर्षांच्या पोराच्या वहीत एखाद्याच्या क्षयाची नोंद जाणे हा अभ्यास नव्हे. ज्यांना रुग्णांच्या माहितीवर काम करायचे आहे त्यांनी इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या सामाजिक वैद्यकशास्त्राच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली, नावे काढून टाकलेल्या नोंदींवर करावे. एका वर्षी माझ्याकडूनच ही काळजी घ्यायची राहिली होती. एका विद्यार्थ्याने उत्साहाने घरमालकांची नावे लिहिलेला तक्ता भिंतीवर लावला आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या दोन बायका रडत वर्गाच्या दाराशी आल्या. तक्ता आम्ही लगेच फाडला. पण त्यांच्या दारात बॅटरी घेऊन पुन्हा जायला आम्हाला पुढचे सगळे सत्र लागले.

शिक्षक कोण, हा प्रश्न उरतो. संख्याशास्त्राचा एक, भूगोलाचा किंवा समाजशास्त्राचा एक, आणि महिन्यातून एकदा वैद्यकीय महाविद्यालयातून कुणीतरी. नवे पद नको, नवी इमारत नको. वाटून शिकवायचे तीस तास आणि चाळीस बॅटऱ्या. परीक्षेत व्याख्या विचारायच्या नाहीत. एक वर्तमानपत्री बातमी द्यायची आणि त्यातला हरवलेला छेद शोधायला सांगायचा. झेरॉक्सच्या दुकानात याचे उत्तर मिळत नाही, कारण दरवर्षी बातमी वेगळी आणि प्रत्येकाची गल्ली वेगळी.

सुरुवातीला सगळ्या महाविद्यालयांत नको, ज्यांची तयारी आहे अशा पाच-सात ठिकाणी करून बघू. पंढरपूरच्या महाविद्यालयाला तर आषाढीसारखी प्रयोगशाळा जगात दुसरी मिळायची नाही. एकोणिसाव्या शतकात याच यात्रेबरोबर पटकी गावोगाव जायची. आज लाखोंची वारी येते आणि टँकर-टँकरला क्लोरीन तपासले जाते. ती तपासणी कशी होते हे तिथल्या मुलांनी बघायला हवे. आणि सोलापुरात वेळापत्रक आपोआप जुळते. पहिले सत्र पावसाच्या तोंडावर उघडते आणि दिवाळीच्या सुमारास संपते; डेंग्यूचे दिवसही तेच. मुलांनी दर पंधरवड्याला त्याच घरांतली तीच पिंपे पाहिली तर अळ्या कधी वाढल्या, कड घासलेल्या घरांत त्या किती राहिल्या आणि न घासलेल्या घरांत किती, हे सत्र संपायच्या आत त्यांच्याच वहीत उतरेल. यंदा प्रवेश सुरू व्हायच्या आधी अभ्यासमंडळाची एक बैठक आहे. मी तिथे दोन गल्ल्यांच्या त्या वह्या घेऊन जाणार आहे.